भाषण आणि सादरीकरण: बडोद्यातील मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी माणसाला कित्येकदा एकाच आठवड्यात तीन ठिकाणी उभे राहून बोलावे लागते. कार्यालयात किंवा कारखान्यात इंग्रजीतून सादरीकरण करायचे असते, सोसायटीच्या बैठकीत गुजरातीतून म्हणणे मांडायचे असते आणि गणेशोत्सवात किंवा एखाद्या सत्कार समारंभात मराठीतून दोन शब्द बोलायचे असतात. यांपैकी कशाचेही रीतसर शिक्षण बहुतेकांना मिळालेले नसते. पुढील उत्तरे अशा वाचकांसाठी आहेत आणि त्यांच्यामागे एक ठाम मत आहे: भाषणाची तयारी मोठ्याने बोलूनच होते. लिहिणे, वाचणे आणि स्लाइड करणे ही कामे त्या बोलण्याच्या मदतीला यावीत, त्याच्या जागी येऊ नयेत.

बोलायला उभे राहिले की छाती धडधडते आणि घसा कोरडा पडतो. ही भीती पूर्णपणे जाते का?

पूर्णपणे जात नाही आणि ती जावी अशी अपेक्षाही ठेवू नये. अनेक डोळे आपल्याकडे लागले आहेत हे जाणवताच शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होते आणि तळहातांना घाम सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत हा जोर सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो व बोलणे सुरू झाल्यावर हळूहळू ओसरतो. म्हणून पहिली दोन-तीन वाक्ये इतकी पक्की असावीत की ती म्हणण्यासाठी डोक्याला ताण द्यावा लागू नये.

नाव पुकारले जाण्यापूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या चार-पाच वेळा सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्याला लागला त्यापेक्षा अधिक वेळ सोडण्याला द्यावा, कारण उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते. सोबत साधे पाणी ठेवावे आणि ते घोटभरच प्यावे. आपली धडधड श्रोत्यांना ऐकू येत नसते, त्यामुळे ‘मला बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या’ असे म्हणून ती त्यांच्या लक्षात आणून देण्याचे काही कारण नाही.

मी स्वभावानेच बुजरा आहे. अशा माणसाला हे खरोखर जमते का?

जमते. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत याविषयी फार मोकळेपणाने लिहिले आहे. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असूनही त्यांना बैठकींत बोलता येत नसे आणि लिहून नेलेले टिपणही दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे लागे. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले, शब्द फुटेना म्हणून खाली बसले आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगून त्यांनी फी परत केली. त्याच गांधींनी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे तेथील भारतीय लोकांसमोर व्यापारातील सचोटीवर भाषण केले आणि ते आपले पहिले जाहीर भाषण होते अशी नोंद केली.

या दोन प्रसंगांच्या मध्ये त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. प्रिटोरियात त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते आणि ते ज्यांना सांगायचे त्या लोकांविषयी आस्था होती, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बुजरेपणामुळे आपण मोजके बोलायला शिकलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बुजऱ्या माणसाने आधी हे लक्षात घ्यावे की आपल्याला वक्ता म्हणून दिसायचे नसून एक विशिष्ट गोष्ट विशिष्ट लोकांपर्यंत पोहोचवायची आहे.

तयारीला सुरुवात कुठून करावी? मी नेहमी स्लाइडपासूनच सुरुवात करतो.

स्लाइड सर्वांत शेवटी कराव्यात. आधी एक वाक्य ठरवावे: श्रोता उठून जाताना त्याने काय जाणलेले असावे, किंवा त्याने काय करायला तयार व्हावे.

समजा, आपण एखाद्या रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात आहात आणि आपल्याला पंपांच्या स्थितीविषयी वीस मिनिटांचे सादरीकरण करायचे आहे. ‘पंपांची स्थिती’ हा झाला विषय. त्यातून कोणालाही काही कळत नाही. ‘पंप अचानक बंद पडण्याचे मुख्य कारण झिजलेले सील हे आहे आणि ती ठरावीक मुदतीत बदलण्यासाठी आम्हाला मंजुरी हवी आहे’ हे झाले सांगणे. हे वाक्य सापडले की कोणती आकडेवारी ठेवायची आणि कोणती गाळायची याचा निर्णय आपोआप सोपा होतो. ते सापडत नसेल तर विषय अजून आपल्यालाच नीट समजलेला नाही असे मानून पुन्हा माहितीकडे वळावे.

त्यानंतर कागद न घेता, त्या विभागाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला चहा पिताना तीच गोष्ट समजावून सांगावी आणि त्याच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. आपण कुठे अडखळलो, त्याने कुठे ‘म्हणजे काय?’ असे विचारले आणि कोणत्या उदाहरणाशी त्याचा चेहरा उजळला, हे सर्व त्या ध्वनिमुद्रणातून व आठवणीतून टिपून घ्यावे. भाषणाचा आराखडा त्यातूनच निघतो, आणि तो टेबलाशी एकट्याने बसून केलेल्या आराखड्यापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला असतो, कारण त्यात ऐकणाऱ्याच्या शंकांचा क्रम आलेला असतो. मग उभे राहून, घड्याळ लावून, पूर्ण भाषण किमान तीन वेळा मोठ्याने म्हणावे. मनातल्या मनात वाचणे याला सराव म्हणता येत नाही. मनात वाक्ये नेहमीच पुरी होतात, तोंडात होत नाहीत.

भाषण पूर्ण लिहून पाठ करावे की फक्त मुद्दे काढावेत?

बहुतेक प्रसंगी मुद्दे पुरेसे असतात. सुरुवातीची दोन-तीन वाक्ये, शेवटचे वाक्य आणि मध्ये येणारी नावे, तारखा व आकडे एवढेच अक्षरशः लिहून घ्यावेत. बाकीचा मजकूर प्रत्येक सरावात थोडा वेगळा आला तरी चालतो. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची सगळी ओळ अडते. तळहाताएवढ्या जाड कार्डांवर मोठ्या अक्षरांत मुद्दे लिहावेत व कार्डांना क्रमांक द्यावेत. मोबाइलवरून वाचू नये, कारण पडदा मध्येच बंद होतो.

वरिष्ठांनी लिहून दिलेले भाषण वाचायचे असेल तर?

दुसऱ्याच्या हातचा मसुदा वापरणे यात कमीपणा नाही. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते आणि सयाजीराव महाराजांच्या भाषणांच्या लेखनातही त्यांचा हात होता. ज्या महाराजांनी १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, त्यांनाही लेखनात साहाय्य घ्यावेसे वाटले, ही गोष्ट आपल्याला पुरेशी आहे. मात्र मसुदा मिळताच तो मोठ्याने वाचावा आणि जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडावे. आपण एरवी कधीही वापरणार नाही असे शब्द बदलण्याची परवानगी मागून घ्यावी. वाचताना वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द तरी मान वर करून श्रोत्यांकडे पाहून म्हणावेत.

बोलताना कोणती भाषा वापरावी? घरी मराठी, शिक्षण गुजरातीतून आणि काम इंग्रजीतून, अशी माझी स्थिती आहे.

बडोद्यातील बहुतेक मराठी कुटुंबांची हीच स्थिती आहे. ती अडचण आहे असे मला वाटत नाही, परंतु निर्णय आधी घ्यावा लागतो आणि तो श्रोत्यांकडे पाहून घ्यावा लागतो. कारखान्यातील सुरक्षेविषयीचे सादरीकरण स्लाइडवर इंग्रजीत असले तरी यंत्रावर काम करणारी माणसे समोर असतील तर बोलणे गुजरातीत किंवा हिंदीत करावे, आणि व्हॉल्व्ह, गास्केट, प्रेशर हे शब्द जसे ती माणसे रोज वापरतात तसेच ठेवावेत. मराठी मंडळात बोलताना संस्कृतप्रचुर शब्दांचा आग्रह धरू नये. दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील घरांमध्ये जी मराठी बोलली जाते तीत काही गुजराती शब्द सहज येतात, आणि ते सर्वांना कळत असतील तर व्यासपीठावरही त्यांना मज्जाव असू नये. टाळावे ते एकाच वाक्यात तीन भाषांमधून उड्या मारणे. भाषा बदलायचीच असेल तर मुद्दा पूर्ण करून, थोडे थांबून बदलावी.

मराठीतून बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य लांबले की शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला काय झाले, काय करायचे आणि होकार आहे की नकार, यांतले काहीच कळत नाही. लेखात असे वाक्य चालते, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कान मागे जाऊ शकत नाही. म्हणून बोलताना वाक्य दहा-बारा शब्दांत क्रियापदापर्यंत पोहोचेल असे पाहावे. मराठी संख्यांचेही तसेच आहे: गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातील तरुण श्रोत्यांना ‘एकोणसत्तर’ ऐकून क्षणभर विचार करावा लागतो, तेव्हा महत्त्वाचा आकडा उच्चारताना तो पडद्यावर अंकांतही दिसेल अशी सोय करावी.

माझे मराठी उच्चार गुजराती वळणाचे आहेत असे लोक म्हणतात. ते सुधारता येतील का?

येतील, आणि त्यासाठी लाजण्याचे कारण नाही. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जीव’मधला ज आणि ‘जागा’मधला ज वेगळा; लिपी हा भेद दाखवत नाही, त्यामुळे तो ऐकूनच शिकावा लागतो. आपल्या भाषणात येणारे असे शब्द निवडून घरातील आजी-आजोबांकडून किंवा चांगले मराठी बोलणाऱ्या परिचितांकडून म्हणवून घ्यावेत व त्यांच्यामागून म्हणावेत. श्रोत्यांना उच्चारांपेक्षा वेगाचा त्रास अधिक होतो. घाईने बोलणाऱ्याचे शुद्ध उच्चारही वाया जातात.

स्लाइड कशा असाव्यात?

एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा आणि स्लाइडच्या शीर्षकात विषयाचे नाव न देता निष्कर्ष द्यावा. वरच्याच उदाहरणात शीर्षक ‘बिघाडांची आकडेवारी’ असे असेल तर श्रोत्याला आलेख स्वतः उलगडावा लागतो. ‘निम्म्याहून अधिक बिघाड सीलमुळे झाले’ असे असेल (आणि आकडेवारी तसे म्हणत असेल) तर आलेख त्या वाक्याचा पुरावा होतो. आलेखात त्याच एका स्तंभाला ठळक रंग द्यावा आणि बाकीचे स्तंभ राखाडी ठेवावेत. मजकुराचा आकार २८ पॉइंटच्या खाली नेऊ नये. एवढ्या आकारात मजकूर मावत नसेल तर तो कमी करावा, अक्षरे लहान करू नयेत. वर्कशीटमधून उचललेले भलेमोठे कोष्टक पडद्यावर लावून ‘हे दिसत नसेल, पण’ असे म्हणण्याची वेळ आली तर ते कोष्टक छापून हाती द्यावे.

स्लाइडवरची वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवू नयेत. श्रोता आपल्यापेक्षा वेगाने वाचतो, आपले बोलणे आणि त्याचे वाचन यांची गल्लत होते आणि दोन्हींकडे त्याचे लक्ष राहत नाही. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना कळफलकावरचे बी हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले की परत येतो. चर्चा सुरू झाली किंवा एखादी गोष्ट केवळ शब्दांत सांगायची असली की याचा अवश्य उपयोग करावा, कारण उजळ पडदा समोर असला की माणसे बोलणाऱ्याकडे पाहत नाहीत.

दुसऱ्याच्या संगणकावर माझ्या स्लाइडमधली मराठी अक्षरे तुटतात. काय करावे?

श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्यामुळे मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. मंगल किंवा निर्मला यूआय हे फाँट विंडोजच्या संगणकांवर सामान्यतः असतात. तरीही फाइल जतन करताना फाँट तिच्यातच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा आणि त्याच स्लाइडची पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर न्यावी. पीडीएफमध्ये जोडाक्षरे मोडत नाहीत. प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल लागते की जुनी व्हीजीए, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

माइकची मला धास्ती वाटते.

माइक तोंडापासून चार बोटे अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली धरावा आणि मान वळवली तरी तो तोंडाबरोबर वळवावा. त्यात फुंकर मारू नये, त्यावर टिचक्या मारू नयेत. ‘नमस्कार’ म्हटले की तो चालू आहे की नाही ते कळते. माइक स्पीकरच्या समोर गेला की स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर आपल्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला तोंड करून आहेत ना, हे कार्यक्रमापूर्वी पाहून घ्यावे. मांडवात बाहेरचा गोंगाट फार असेल तर मोठ्याने ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावे.

वेळ नेहमी पुरत नाही.

दहा मिनिटे मिळाली असतील तर आठ मिनिटांचे भाषण तयार करावे. आधीचे वक्ते वेळ खाणार, हार-तुरे लांबणार, हे आपल्याकडे गृहीतच धरावे लागते. शिवाय कोणता मुद्दा गाळायचा हे घरीच ठरवून त्या कार्डावर खूण करून ठेवावी, म्हणजे ‘आता आवरा’ अशी चिठ्ठी आली तर घाईघाईने सगळेच उरकावे लागत नाही. दिलेल्या वेळेपेक्षा अधिक बोलणारा माणूस पुढच्या वक्त्याची वेळ घेत असतो, आणि याबाबत संकोच न करता घड्याळ दाखवणारा सूत्रसंचालक प्रत्येक मंडळाने नेमावा, असे मला मनापासून वाटते.

प्रास्ताविक, परिचय आणि आभार यांत काय सांगावे?

व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव, पद आणि पुन्हा ‘आदरणीय’ अशी यादी प्रत्येक वक्त्याने म्हणू नये. ते काम एकदा सूत्रसंचालकाने केले की पुरे. परिचय करून देताना पाहुण्यांच्या पदव्यांपेक्षा आजच्या विषयाशी त्यांचा संबंध काय, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि नावाचा उच्चार त्यांनाच आधी विचारून घ्यावा. आभार मानताना ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या वाक्याऐवजी ज्यांनी सतरंज्या घातल्या, ज्यांनी ध्वनिव्यवस्था पाहिली, त्यांची नावे घ्यावीत. त्या माणसांना ती वर्षभर लक्षात राहतात.

मी पुष्कळ माहिती देतो, तरी लोकांच्या लक्षात काही राहत नाही.

बहुधा पुष्कळ माहिती देता म्हणूनच राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण बरेच मोठे आहे. ज्या आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीमुळे कोलंबिया विद्यापीठात जाता आले, त्यांचे हे भाषण येथील वाचकांनी तरी मुळातून वाचावे. त्यात अनेक मुद्दे आहेत, परंतु सर्वत्र आठवला जातो तो एक भाग: राजकारणात आपल्याला समता मिळणार आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहणार, या विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून त्यांतला विरोध त्यांनी ऐकणाऱ्याला स्पष्ट दाखवला. आपल्या साध्या सादरीकरणातही हे करता येते. आज काय आहे आणि काय असायला हवे, या दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात आणि मधली माहिती त्या अंतरापुरतीच द्यावी.

हातांचे आणि नजरेचे काय करावे?

हात सुटे ठेवावेत. बोलणे खरे असेल तर ते आपोआप हलतात. नजर एका माणसावर एक वाक्य पुरे होईपर्यंत ठेवावी आणि मग दुसऱ्याकडे न्यावी.

मध्येच विसरलो तर?

थांबावे, कार्ड पाहावे, पुढचे वाक्य म्हणावे. आपल्याला दीर्घ वाटणारी ती शांतता श्रोत्यांना विचार करायला मिळालेली उसंत वाटते.

प्रश्नोत्तरांत अवघड प्रश्न आला तर?

प्रश्न आधी माइकवर पुन्हा म्हणावा, म्हणजे मागच्या रांगेलाही तो कळतो आणि आपल्याला विचाराला थोडा वेळ मिळतो. उत्तर माहीत नसेल तर ‘मला आत्ता सांगता येणार नाही, मी पाहून आपल्याला कळवतो’ असे म्हणावे आणि खरोखरच कळवावे. प्रश्नाच्या नावाखाली कोणी स्वतःचे भाषण सुरू केले तर त्याच्या म्हणण्यातील एक मुद्दा उचलून त्याला नम्रपणे उत्तर द्यावे व पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

मी तोतरा आहे. मीही बोलावे का?

अवश्य बोलावे, परंतु तोतरेपणा आणि सभेची भीती या वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घ्यावे. तोतरेपणासाठी वाक्‌-भाषा तज्ज्ञांची मदत घ्यावी. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी १९२६ पासून लायनेल लोग यांच्याकडे अशीच मदत घेतली आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारले गेले त्या दिवशी, रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केले. आपण काही ठिकाणी थांबतो हे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितल्याने पुष्कळांचा ताण हलका होतो. आणि श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा माणसाचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याला त्याचा वेळ द्यावा.

ऑनलाइन सादरीकरणात वेगळे काय?

कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि उजेड समोरून असावा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. समोरच्यांचे चेहरे आपल्याला नीट दिसत नसल्याने दर काही मिनिटांनी एखादा प्रश्न विचारून ते सोबत आहेत ना, याची खात्री करावी.

मुलांना वक्तृत्व स्पर्धेत घालावे का?

घालावे, परंतु पालकांनी लिहून दिलेले भाषण हातवाऱ्यांसह घोकून घेऊ नये. त्यातून मुलाला आवाज चढवण्याची सवय लागते आणि विचार करण्याची लागत नाही. मुलाने विषयावर काय वाटते ते आधी घरात जेवताना सांगावे, त्याचीच वाक्ये आपण लिहून घ्यावीत आणि तीच त्याच्या भाषणात ठेवावीत, मग ती कितीही साधी असोत. उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धा मला अधिक मोलाच्या वाटतात.

नियमित सराव कुठे करावा?

ज्या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा मराठी साहित्य संमेलन भरले, तेथे ऐकण्याची परंपरा आहे. बोलण्याच्या सरावासाठी मात्र लहान गटच हवा. टोस्टमास्टर्स या संस्थेची पद्धत येथे उपयोगी पडते. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे तिची सुरुवात केली. तिच्या मंडळांत तयार भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचे असते, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते, एक सभासद वेळ पाहून हिरवा, पिवळा आणि लाल दिवा दाखवतो आणि दुसरा भाषणाचे मूल्यमापन करतो.

हीच रचना सोसायटीच्या सभागृहात किंवा कोणाच्या दिवाणखान्यात पाच-सहा जणांना करता येते. पंधरवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, दिव्यांऐवजी रंगीत पुठ्ठे वापरावेत आणि प्रत्येक खेपेला घड्याळ वेगळ्याकडे द्यावे. मूल्यमापन करणाऱ्याने ‘छान झाले’ असे म्हणून थांबू नये. कोणते वाक्य त्याला आठवते, कुठे त्याचे लक्ष उडाले आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलावी, एवढे तीन मुद्दे त्याने दोन मिनिटांत सांगावेत. बोलणाऱ्याने त्याला उलट उत्तर न देता ते लिहून घ्यावे. गटात मराठीशिवाय इतर भाषांतून बोलायचे असेल तर संध्याकाळच्या सुरुवातीला भाषा ठरवावी, आणि नवीन सभासदाने पहिल्या दिवशी केवळ ऐकले तरी चालेल, पण दुसऱ्या बैठकीत त्याला निदान एक मिनिट उभे करावे.